पट्ट्याचं माप

"अहो आजी, बसा की हो एका जागी," सिस्टर म्हणाली.

मी बसले नाही. छत्तिसाव्या वर्षी मला कोणी आजी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. पण तिच्याशी भांडायची सोय नव्हती, कारण नातं तर खरंच होतं. काचेच्या पलीकडे, नवजात बाळांच्या खोलीत, माझ्या सतरा वर्षांच्या लेकीची लेक पडली होती. दोन महिने आधीच आलेली. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावेल एवढी.

मी दारापासून नळापर्यंत जायचे, नळापासून दारापर्यंत यायचे. पायाला भिंगरीच लागली होती. हात तर पायांपेक्षा वाईट. मध्येच पडद्याचा लोंबता धागा दिसला, मी ओढला, तर पडद्याची हातभर शिवण उसवत आली.

"आता पडदेही उसवा आमचे," सिस्टर म्हणाली.

"शिवणच कच्ची आहे, मी काय करू?" मी म्हटलं. "टीप मारून गाठ कोण मारणार? तुमचा शिंपी?"

मी स्वतः शिंपीण. बाजाराच्या तोंडाशी माझं दुकान आहे, लोक मला टेलरबाई म्हणतात. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला तेव्हा मी मशिन थाटलं, आणि माझंच जास्त चांगलं चाललं. लहान मुलांचे कपडे ही माझी खासियत. झबली, टोपडी, शाळेचे सदरे, सगळं. आणि दुकानात येणारी प्रत्येक आई एकच वाक्य बोलते: "वाढत्या अंगाचं शिवा हं, टेलरबाई." सांगावं लागत नाही खरं तर. मुलाचं माप घेऊन कातर हातात धरली की माझा हात आपोआप शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड सोडतो. वर्षभराने टीप उसवायची, कापड मोकळं करायचं, पोराला पुन्हा सदरा होतो.

गावभरच्या पोरांचं मी शिवलं. पण माझ्या या नातीसाठी मी एक टाका घातला नव्हता. ती उघडी पडली होती, हॉस्पिटलच्या टोपीत आणि हॉस्पिटलच्या लंगोटात.

त्याचं कारण असं, की आमच्या घरात पहिल्या बाळासाठी सुई हातात धरत नाहीत. बाळ घरी येऊन महिना उलटला की मग काय शिवायचं ते शिवा. त्याआधी जुनंपानं, मागून आणलेलं, काहीही गुंडाळा, पण सुई नाही. माझ्या आईचं पहिलं मूल गेलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिने त्याच्यासाठी दुपटं शिवलं होतं. माझं पहिलं मूल झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पोटात होता तेव्हाच मी चोरून एक झबलं शिवलं होतं, पांढरं, पुढे बंद लावलेलं. मुलगा झाला. तो आठवडाभरही राहिला नाही. झबलं त्याला इतकं मोठं होत होतं, की घालताच आलं नाही.

"सांगितलं होतं ना सुई लावू नकोस म्हणून?" एवढंच माझी आई तेव्हा म्हणाली होती. पुढे ती त्यावर कधी बोलली नाही आणि मीही नाही. दोन वर्षांनी ही लेक झाली, ती जगली. पण तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या बाळांची झबली शिवताना एक गोष्ट मनात धरून असायचे: माझा हात लोकांच्या पोरांना चालतो, माझ्या पोराला चालला नाही.

आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं, तो एकोणीस वर्षांचा पठ्ठ्या तिकडे लांब कुठल्याशा बांधकामावर. उठसूट फोन करून विचारायचा, "कसंय आता?" उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! लग्न पोरीला अठरा झाल्यावर करायचं असं दोघांनी मोठ्या शहाणपणाने ठरवलं होतं. बाळाने मात्र कोणाच्या अठराची वाट पाहिली नाही. मला कळलं तेव्हा पाचवा महिना संपत आला होता. मी तिला दोन थोबाडीत दिल्या आणि नंतर रात्रभर तिच्याच पायथ्याशी बसून राहिले.

नळाच्या वर भिंतीला एक मोठा कागद लावला होता. येरझाऱ्या घालताना तो दर फेरीला समोर यायचा, म्हणून वाचला. त्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक लाल, दोन्ही डावीकडून उजवीकडे उतरत गेलेल्या. खाली वर्षं लिहिली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

सिस्टर हात पुसत उभी राहिली. पन्नाशीची बाई, बोलायला तिखट. "पहिल्या महिन्यातच जी बाळं जातात ना, त्यांचं आहे. मी नोकरीला लागले तेव्हा रेघ इथे वर होती. आता बघा कुठे आली."

"आणि दोन कशाला?"

"निळी विशीच्या पुढच्या आयांची. लाल विशीच्या आतल्या."

मी बघत राहिले. दोन्ही रेघा उतरत होत्या, चांगलंच होतं ते. पण लाल रेघ सगळीकडे निळीच्या वरच. घेर नीट न कापलेल्या परकरासारखी, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बाजूने उचललेली. माझं वर्ष मी शोधून काढलं. ते डावीकडे होतं, लाल रेघ सगळ्यात उंच होती तिथे. माझ्या आईचं वर्ष तर कागदावर नव्हतंच. तेव्हा कोणी मोजतही नसावं.

"लाल वर का?" मी विचारलं.

"का म्हणजे? अंगच पुरतं तयार नसतं पोरींचं. रक्त कमी, बाळ लवकर येतं, वजन नसतं. शिवाय लपवाछपवी. तुमची तरी पाचव्या महिन्यापर्यंत कुठे आली होती तपासायला?"

हे मला नवीन होतं असंही नाही, आणि कळलं होतं असंही नाही. सुईचं मात्र तिने काहीच म्हटलं नाही, ते माझ्या लक्षात आलं.

एवढ्यात आतून हाक आली. लेकीला पट्टा बांधायची वेळ झाली होती.

हा पट्टा म्हणजे कापडाची एक रुंद नळी. बाळाला उघडंच आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं आणि वरून हा पट्टा चढवायचा. आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळते, त्याचा श्वास सुधारतो, आईला दूध उतरतं. उबेच्या काचेच्या पेटीत ठेवण्याइतकंच ते कामाचं असतं असं सिस्टर म्हणत होती, आणि पेट्या कमी, बाळं जास्त. सकाळपासून माझी नात दुसऱ्या एका बाळाबरोबर एकाच पेटीत होती.

"मला बांधा की," मी आधी म्हटलं होतं.

"तुम्हाला बांधीन हो घटकाभर. पण दूध तुम्हाला येणारेय का?"

आता तिने लेकीला पट्टा चढवला, बाळ आत ठेवलं, आणि बाळ सरकलं. पट्टा शिवला होता भरल्या अंगाच्या बाईसाठी. माझी लेक म्हणजे हँगरला लावलेला सदरा. पट्टा तिच्या अंगावर झुलत होता. बाळ घसरून खाली गेलं, मान दुमडली, आणि सिस्टरने झडप घालून ते बाहेर काढलं. बाळाचे ओठ काळपट दिसले, मग पुन्हा बरे झाले.

मग चादरीने बांधून पाहिलं. गाठ सैल झाली, बाळ काखेत. गाठ घट्ट केली तर ती पोरीच्या पाठीत रुतली, ती कळवळली. सेफ्टीपिना तिथे चालत नाहीत. बाळाचे पाय गार पडायला लागले, म्हणून त्याला परत पेटीत नेलं.

या सगळ्यात माझी लेक खिडकीकडे बघत होती. एकदाही तिने बाळाकडे पाहिलं नाही.

"अगं बघ तरी तिच्याकडे!" मी म्हटलं. "तुझी आहे ना?"

"कशाला?" ती म्हणाली. "राहणार नाहीये ना ती. तूच म्हणायचीस, आपल्याकडे पहिलं राहत नाही."

मी म्हणायचे, खरंच म्हणायचे. भाजी निवडताना, काजं करताना, सहज बोलून जायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरीने ते इमानदारीने ऐकलं होतं, आणि आता ती बाळ जायची वाट बघत बसली होती. म्हणजे लवकर संपेल तरी.

सिस्टरने तो पट्टा माझ्या हातात कोंबला. "तुम्ही शिंपीण ना? घ्या, हिच्या मापाला करा. मशिनवर दहा मिनिटांचं काम आहे. आणि लवकर. हिला छातीवर घेतलं नाही तर दूध आटेल, आणि पेटीच्या भरवशावर मी या बाळाला किती ओढू?"

मी पट्टा हातात धरला. बाळाच्याच कामाचा पट्टा. त्याला सुई लावायची म्हणजे बाळालाच लावायची. "मी करून आणते," मी म्हटलं, आणि मनात म्हटलं, मी नाही, दुसऱ्याकडून करून आणते.

रस्त्याने मी जवळजवळ धावतच निघाले. माझ्या दुकानाच्या समोरच एक मास्तर बसतो. पंधरा वर्षं आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतोय. त्याच्या दुकानात मी जन्मात पाय ठेवला नव्हता.

"अरेच्चा! टेलरबाई आमच्याकडे?" तो चष्म्यावरून बघत म्हणाला. "मशिन मोडलं का?"

"मास्तर, थट्टा नको. हा पट्टा आत घ्यायचाय. आत्ताच्या आत्ता."

"माप?"

मी सांगितलं. तोंडपाठ होतं. माझ्या लेकीच्या छातीचं माप मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं.

"एवढंच? हे तर पोरीचं माप झालं. पट्टा बाईचा दिसतोय." मग त्याने मागच्या ढिगाकडे हात केला. "शाळेचे दोनशे गणवेश आहेत, बाई. संध्याकाळी करतो. पण एक सरळ टीप तर मारायची आहे, तुम्हीच का नाही मारत? सुताराने खुंटी ठोकायला शेजाऱ्याला बोलावल्यासारखं झालं हे."

"संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ नाही हो!"

"मग मारा ना तुम्हीच," तो म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

त्याला काय सांगणार? पट्टा ओढून घेतला आणि रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले. माझी आई नेहमीच्या जागी, दाराशी उजेडात, काजं करत बसली होती. अठ्ठावन्न वर्षांची आहे, पण मी तिला म्हातारीच म्हणते, तिलाही राग येतो.

"कसंय बाळ?" तिने विचारलं.

"गार पडतंय." मी मशिनपुढे बसले. पट्टा सुईखाली ठेवला. पाय पायट्यावर ठेवला. पाय हलेना. पट्टा बाहेर काढला, पुन्हा ठेवला. मग तो आईच्या मांडीवर टाकला. "तू शिव. नाहीतर सांग मला काय करू. हा पोरीच्या मापाचा झाला नाही तर बाळ जाईल, आणि मी शिवला तर..."

म्हातारीने पट्टा उलटा-सुलटा करून पाहिला. डोळे अधू झालेत तिचे, बोटांनी चाचपला. मग तो उचलून परत मशिनवर ठेवला.

"शिव तू," ती म्हणाली.

"अगं पण सुई..."

"सुईला काही होत नाही."

"म्हणजे?"

तिने हातातलं काज खाली ठेवलं. "माझं पहिलं गेलं तेव्हा सासू म्हणाली, सुई लावलीस म्हणून गेलं. मी मानलं. पंधरा वर्षांची होते, मला काय कळत होतं! पण तुझ्या वेळी मला कळत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, पोरीचं वय लहान आहे, म्हणून पोराला वजन नाही. म्हणाली, कशाला घाई केलीत?" तिने सुई काजाच्या कापडात खोचली. "तुझं लग्न कोणी लावून दिलं होतं? मीच. तू रडत होतीस, मला शाळा पुरी करू दे म्हणून. मी ऐकलं नाही. मग पोर गेल्यावर तुला काय सांगणार होते मी? तू माझ्याकडे बघत होतीस. समोर ते झबलं पडलेलं होतं. मी त्याच्यावर ढकललं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि फाशी तरी कोणाला? मला! एकोणीस वर्षं. गावातल्या प्रत्येक झबल्याचा बंद लावताना मला वाटायचं, माझं लेकरू मी मारलं, या हाताने. रात्री दचकून उठायचे मी. आणि ही बाई रोज माझ्यासमोर बसून काजं करत होती आणि एकदा, एकदाही तिला तोंड उघडावंसं वाटलं नाही.

"एवढी वर्षं?" मी ओरडले. समोरचा मास्तरसुद्धा मान वर करून बघायला लागला. "एवढी वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला टाकलं असतंस."

"हो, टाकलंच असतं!"

"म्हणून," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "आता टाक हवं तर. पण आधी ते शिव. पोर गार पडतंय म्हणालीस ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. भांडायलाही वेळ नव्हता. मी कातर उचलली आणि पट्ट्याची जुनी टीप उसवली. मला इतका राग आला होता, की पायट्यावर पाय पडला तो थांबेना. दोरा तुटला. पुन्हा ओवला. म्हातारी उठून माझ्याजवळ आली आणि सरकणारं कापड पलीकडून ताणून धरलं. मी तिला ढकललं नाही. माप घालायला टेप लागला नाही, कापड कुठे दुमडायचं, कुठे टीप मारायची, सगळं हातांनीच ठरवलं. मी बघतही नव्हते नीट.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा माझ्या तोंडाला फेस आला होता. सिस्टरने पट्टा ओढून पाहिला आणि ती थेट आत गेली. या वेळी पट्टा लेकीच्या अंगाला चापून बसला. बाळ आत ठेवलं. सरकलं नाही. एका बाजूला वळलेलं त्याचं तोंड पोरीच्या गळ्याखाली टेकलं, आणि त्याचे हात बेडकासारखे तिच्या छातीवर पसरले.

पोरगी खिडकीकडेच बघत होती. मग तिचा चेहरा बदलला.

"आई," ती म्हणाली, "हिचा श्वास लागतोय मला."

"लागू दे."

"गुदगुल्या होतात." ती हसली, आणि लगेच रडायला लागली. खाली मान घालून तिने पहिल्यांदा बाळाच्या टोपीकडे पाहिलं. "आई, राहील का गं ही?"

खोटं सांगायला मला त्या दिवशी जमलं नसतं. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण आपल्याकडे पहिलं राहत नाही, हे मी बोलले ते साफ खोटं होतं. तसं काही नसतं. मला तसं वाटायचं, पण ते खरं नाही. तू तिला धर."

"आणि तिच्यासाठी काही शिवलं नाहीस तू?"

"शिवते," मी म्हटलं. "आज घरी गेले की शिवते."

पुढचे दिवस सोपे गेले असं मी म्हणणार नाही. एकदा बाळाचा श्वास अडकला, एकदा ताप आला, आणि मी कॉरिडॉरच्या फरशा झिजवल्या. म्हातारीशी मी कामापुरतंच बोलत होते. अजूनही पुरतं बोलत नाही. पण ती रोज डबा घेऊन यायची आणि त्या लाल-निळ्या कागदाखाली बसून राहायची. तिला वाचता येत नाही. तिने एकदा मला विचारलं, यात आपण कुठे आहोत? मी तिला कागदाच्या बाहेर, डावीकडच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवलं, तू इथे. मग माझी जागा दाखवली. ती बराच वेळ त्या रिकाम्या भिंतीकडे बघत होती.

घरी सोडायच्या दिवशी बाळाला मी झबलं घातलं. पांढरं, पुढे बंद लावलेलं. अर्थातच मोठं झालं, बाह्या दुमडाव्या लागल्या. पोरगी म्हणाली, "होईल तिला, वाढेल ती," आणि अगदी मोठ्या बाईसारखा तोरा दाखवला. तेवढ्यात फोन वाजला, तिकडचा पठ्ठ्या "कसंय?" म्हणून विचारत होता. तिने त्याला झापलं, "येऊन बघ ना!" मला बरं वाटलं.

सिस्टर पट्टा धुवायला घेऊन निघाली होती. दारात थांबून तिने तो आतून उलटा केला.

"अहो टेलरबाई," ती म्हणाली. आजी नाही म्हणाली. "हे काय? शिवणीत एवढं कापड कशाला दुमडून ठेवलंय? कापून टाकायचं ना."

मी बघितलं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं. त्या दिवशी रागाच्या भरात, न बघता, माझ्या हाताने ते सोडलं होतं.

"वाढत्या अंगाचं शिवलंय," मी म्हटलं.

सिस्टर हसली. "अहो, पट्टा बाळाच्या मापाचा नसतो. आईच्या मापाचा असतो."

"हो," मी म्हटलं. "आईचंच म्हणतेय मी."

तिचं हसू विरलं. आम्ही दोघींनी पलंगाकडे पाहिलं. माझी लेक बाळाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने स्वतःच्या चपला घालत होती, आणि जीभ बाहेर काढून, लहानपणी घालायची तशी, डाव्या पायात उजवी घालत होती.